वीतभर राहिलेली जागा

दादा, ती बोट बुडाली नाही.

तुम्हाला जाऊन माझं अर्धं आयुष्य उलटलं आणि हे मला कळलं आज, सिंगापूरला, हौगांगच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. मी सुनेला बोटीचं नुसतं नाव सांगितलं. तिने ते फोनवर टाकलं आणि बोट समोर उभी राहिली. चार धुरांडी, तोफा, दोन्ही अंगांना पोलादाचं चिलखत. तुम्ही तिला अशी कधी पाहिलीच नव्हती. तुम्ही पोरसवदा, मुंबईच्या सुक्या गोदीत तिच्या पोटाखाली उभे. वर आभाळाच्या जागी लोखंड. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे आणि तांबडा रंग द्यायचा.

अजून डोळ्यांसमोर आहे: मी लहान, आई कणीक मळायला परात मागते आहे आणि तुम्ही ती डोक्यावर पालथी धरून मला दाखवता आहात, हे तिचं पोट आणि हा इथे मी. "बोट पोचली असेल तर परात द्या," आई म्हणते. तुम्ही हसत नाही. कारण गोदीत पाणी सोडायची वेळ झाली, मुकादम ओरडला आणि वीतभर जागा तुम्ही न खरवडताच वरून रंगवलीत. तिथूनच ती गंजेल, फुटेल, माणसं जातील, हा घोर तुम्ही शेवटच्या आजारपणापर्यंत बाळगलात. आता सून मला विचारते, बाबा, एवढी काळजी करायला शिकलात कुठे?

बोटीची सगळी हकीकत इंग्रजीत. माझं शिक्षण तिथे पुरत नाही, म्हणून सून मराठीत सांगत गेली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांचा माग काढत ती कुठे कुठे हिंडली, तिने सैनिकांनी भरलेल्या बोटी सांभाळून नेल्या, इथे सिंगापूरलाही कोळसा घ्यायला थांबली. तुमचा हात लागलेलं लोखंड माझ्याआधी इथे येऊन गेलं, दादा. माझा घास हातातच राहिला. शेवट वाचू नकोस, असं मी दोनदा म्हटलं. तिने वाचलाच.

"बुडाली नाही, बाबा. म्हातारी झाली, मग भंगारात काढली."

संध्याकाळी सुनेने मला ईस्ट कोस्टला, समुद्रकिनाऱ्यावर नेलं. समोर जहाजंच जहाजं नांगरलेली. रिकामी असली की उंच तरंगतात आणि पाण्यावर त्यांचा तांबडा पट्टा दिसतो. तो तुमचा भाग. अंधार पडेपर्यंत मी तेवढाच बघत बसलो.

वीतभर जागेचं सुनेला सांगितलं नाही, हसली असती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ती तुमच्यामुळेच बुडाली असणार, असं लहानपणापासून मीही धरून चाललो होतो.