खिडकी नणंदेची, भिंत माझी

मी, खाली सही करणारी, चौकातल्या फोटो स्टुडिओची मालकीण, भूगोलाच्या मास्तरांची विधवा आणि एका मुलीची आई, माझ्या पश्चात कोणी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. कानाने कमी ऐकू येतं, गुडघे कामातून गेलेत आणि छातीचं तर विचारूच नका. पण कोण माझ्याशी कसं वागलं ते सगळं लख्ख आठवतं, आणि मृत्युपत्र करायला तेवढं पुरे असावं.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मनातल्या मनात पुष्कळ वेळा केलं, ती सर्व रद्द समजावीत.

१. स्टुडिओच्या वरची राहती जागा, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, माझ्या मुलीला मिळावी. तिला विकायची असेल तर माझी हरकत नाही. मात्र विकण्याआधी मोरीतला नळ बदलून घ्यावा. घेणारा नावं ठेवील ती तिला नाही, मला ठेवील.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही मुलीचंच. त्याचं काय करावं याबद्दल जावयांनी सल्ला देऊ नये. माणूस सोन्यासारखा आहे, पण न विचारता सल्ला द्यायची खोड आहे, आणि मी गेल्यावर त्यांना आवरायला कोणी उरणार नाही.

३. स्टुडिओतले दिवे, छत्र्या, पडदे आणि पासपोर्ट फोटोचं स्टूल, जो कोणी दुकान चालवायला घेईल त्याला द्यावं. स्टूल एका बाजूला कलतं. ते दुरुस्त करू नये. माणूस पडू नये म्हणून ताठ बसतो आणि फोटो चांगला येतो.

४. माझा कॅमेरा, त्याच्या दोन लेन्स आणि ट्रायपॉड. हे कलम मी सावकाश लिहीत आहे, वाचणाऱ्यानेही सावकाश वाचावं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ह्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की वर्षातून दोनच वेळा दिवस आणि रात्र समान होतात, आणि त्यातला वसंतातला दिवस आपण साजरा करायचा. त्या सकाळी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. गावाबाहेरच्या तळ्याचा बांध नाकासमोर पूर्वेला जातो, त्यामुळे सूर्य बांधाच्या टोकावर, अगदी वाटेतच येऊन बसल्यासारखा दिसतो. नव्या नवरीला कोण असलं काही सांगतं? मला तो माणूस तिथेच आवडला, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच वाईट लिहिणार आहे.

साजरा करायचा तो फोटो काढून. मी आणि ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या नणंदबाई, अशा दोघींनी दिवसभर तळ्यावर हिंडायचं. पाणी, पाखरं, पालवी, जे दिसेल ते टिपायचं. संध्याकाळी मी डार्करूममध्ये दोघींचे रोल धुवायचे. मग प्रत्येकीने एकच फोटो ह्यांच्यापुढे टेबलावर ठेवायचा. दोनपैकी एक वर्षभर स्टुडिओच्या खिडकीत लागणार, दुसरा वर घरात.

खिडकी दर वर्षी नणंदबाईंना.

पेशाने नर्स. सुई टोचणारा हात, कॅमेरा कधी हलायचा नाही हे मान्य. पण फोटोतलं शास्त्र काडीचं माहीत नाही. मी पहाटे ट्रायपॉड लावून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, सूर्य बांधाच्या टोकावर आला की टिपायची. ह्या बाई चिखलात फतकल मारून बसायच्या आणि वाळक्या काटकीला फुटलेलं एक पान टिपून आणायच्या. मागे सूर्य म्हणजे नुसता पिवळा डाग. संध्याकाळी हे चष्मा पुसून यायचे, आधी माझा फोटो उचलायचे, बघायचे, न बोलता काखोटीला मारायचे. मग टेबलावर राहिलेला तिचा माझ्या हातात द्यायचे. "हा खिडकीत लाव."

मी तोंड फुगवलं की म्हणायचे, "आज सगळं समसमान. दिवसाला जास्त नाही, रात्रीला जास्त नाही." म्हणे समसमान.

स्टुडिओवाल्याला खिडकी म्हणजे काय असते ते मास्तर माणसाला काय कळणार? दुकान माझं, नाव माझं, काच सकाळ-संध्याकाळ मी पुसायची, आणि आत फोटो तिचा. गिऱ्हाईक थांबून विचारायचं, "वा, बाई, हा तुम्ही काढलात?" मग मला हसतमुखाने सांगावं लागायचं, "छे हो, आमच्या नणंदेने." हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की माझ्या छातीचं दुखणं तिथूनच सुरू झालं असावं. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं. डॉक्टरांना नणंद नाही.

हे गेले, त्यानंतर नणंदबाईंच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरली. तेव्हापासून त्या दिवशी माझाच कॅमेरा आम्ही दोघी वापरतो. सकाळी मी, दुपारनंतर त्या. परत देताना पट्टा नीट गुंडाळून देतात, तेही मला खटकतं.

तरी सदर कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड कॉलेजच्या फोटोग्राफीच्या वर्गाला देण्यात यावेत. नणंदबाईंना देऊ नयेत. वापरायला नाही, सांभाळायला नाही, आठवण म्हणून तर मुळीच नाही. माझ्या पश्चात त्यांना तळ्यावर जायचं असेल तर रिकाम्या हाताने जावं.

५. ह्यांच्या मागे निवड करायला कोणी उरलं नाही, म्हणून खिडकीत ह्यांनी शेवटचा निवडलेला फोटोच अजून आहे. अर्थातच नणंदबाईंचा. पाण्यात उभा असलेला बगळा. आता उन्हाने बगळा कुठला आणि पाणी कुठलं ते शोधावं लागतं. फोटो तिचा म्हणून बघवत नाही आणि निवड ह्यांची म्हणून काढवत नाही. माझ्या पश्चात मुलीने तो उतरवावा आणि खिडकीला आतून पडदा लावावा. तिथे पुन्हा कोणाचाही फोटो लागू नये.

६. घराच्या भिंतींवर जे फोटो आहेत ते सगळे माझे, हरलेले. जेवणाच्या टेबलासमोर, पलंगाच्या उशाशी, स्वयंपाकघराच्या दारावर, जिन्यात. ठोकले सगळे ह्यांनी, तेही वाकडे. मुलीला नको असतील तर रद्दीत घालावेत.

७. साक्षीदारांविषयी. वकीलबाईंनी बजावून सांगितलं आहे, की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकल्याबरोबर मी ठरवलं, की एक साक्षीदार नणंदबाई. म्हणजे पुढे मुलीला माया येऊन तिने "आत्याला काहीतरी देऊ या" असं काढलं, तरी कायदा आडवा यावा. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, देणगी मुलीच्या मर्जीची, तिला कोण अडवणार?" मी म्हटलं, माझ्या समाधानासाठी असू द्या. नणंदबाईंना निरोप धाडला आहे. त्या आनंदाने येते म्हणाल्या.

येथपर्यंत सकाळी लिहिलं. यापुढचं दुपारी, नणंदबाई येऊन बसल्यानंतर. शाई वेगळी दिसेल, हात माझाच आहे.

त्या जिना चढून आल्या, धाप टाकत खुर्चीत बसल्या. जेवणाच्या टेबलाशी, ह्यांच्या जागेवर. ती जागा त्यांना कोणी दिली, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी कागद पुढे सरकवला, पेन दिलं. त्यांनी पेन हातात धरलं आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"किती टवटवीत राहिलेत गं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुझे फोटो, वहिनी. माझे सगळे उन्हात विटले. वर्ष संपलं की तू खिडकीतून उतरवून द्यायचीस, तोवर त्यात काही उरलेलं नसायचं. माझ्या घरी एकही लावण्यासारखा नाही."

"पण लागले ना खिडकीत? अख्ख्या गावाने बघितले."

"गावाला काय करायचंय?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा आधी घरासाठीचा काढून घ्यायचा. उरलेला जायचा खिडकीत. दर वर्षी माझाच उरायचा. एकदा मी रडले त्याच्यापुढे, म्हटलं, एक वर्ष तरी माझा वर लाव. तर मला म्हणतो, 'चिमे, जेवताना समोर मला तिचाच लागतो.'"

मी कागद माझ्याकडे ओढून घेतला. मग म्हटलं, "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुला माहीत नव्हतं?" ती खरोखर चकित झाली होती. "मला वाटायचं, म्हणूनच तू त्या दिवशी एवढी तोऱ्यात असतेस. मी तर जळायचे तुझ्यावर. अजूनही जळते. हे बघ ना, कुठेही बसलं तरी समोर तूच."

एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला माहीत आहे. ती येईपर्यंत मी पुढची कलमं लिहून घेत आहे.

८. ह्यांच्यावरचा माझा राग कायम ठेवण्यात येत आहे. एवढी वर्षं समोर बसून जेवले, एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? दर वर्षी काखोटीला मारलं म्हणजे बायकोला कळतं का? बहिणीला सांगितलं आणि बायकोला नाही, याचा राग वेगळा धरावा.

९. कलम ६ मधलं रद्दीबद्दलचं वाक्य मागे घेत आहे. भिंतीवरचे फोटो मुलीने जपावेत. वाकडे आहेत ते वाकडेच राहू द्यावेत.

१०. कलम ४ मधली कॉलेजची तजवीज आणि कलम ५ मधला पडदा आणि फोटोबंदी रद्द. कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि ट्रायपॉड माझ्या नणंदेला मिळावेत. ट्रायपॉडचा एक पाय सारखा खाली सरकतो, त्याला खालून दगड लावायचा असतो. तिला माहीत नसणार, कारण ती कधी ट्रायपॉड लावतच नाही.

यासोबत एक अट घालत आहे. माझ्यामागे जो पहिला वसंतातला समसमान दिवस येईल, त्या दिवशी तिने तळ्यावर जावं आणि एक फोटो काढावा. तो वर घरात, जेवणाच्या टेबलासमोर लागावा. घर विकायचं असलं तरी त्यानंतर वर्षभर मुलीने थांबावं. त्या जागी आज माझा बांधावरचा सूर्य आहे. तो उतरवून खाली खिडकीत लावावा. उन्हाने विटला तर विटू द्यावा. काच रोज पुसावी आणि कोणी विचारलं, की हा कोणी काढला, तर नणंदेने हसतमुखाने सांगावं, "आमच्या वहिनीने."

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं असून ते मला मान्य आहे. स्वच्छ प्रत काढण्याची हौस नाही. वकीलबाईंच्या सांगण्यावरून जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. चहा झाला की आम्ही दोघी लवकर जेवून झोपणार आहोत. ती आज इथेच राहील, उद्या पहाटे तळ्यावर जायचं आहे. सकाळी कॅमेरा माझ्याकडे. त्यात बदल नाही.

ठिकाण: स्टुडिओच्या वर, जेवणाच्या टेबलाशी
दिनांक: दिवस-रात्र समान होण्याच्या आदल्या दिवशी

सही: स्टुडिओची मालकीण

साक्षीदार पहिले: डॉक्टर, दाखला देणारे
साक्षीदार दुसरी: नणंद. नाव खोडलं आहे, खाडाखोड माझ्या हातची. हिला सही करू देऊ नये, हिला कॅमेरा मिळायचा आहे.
त्याऐवजी साक्षीदार: समोरचा कुलूपवाला