डोळे मिटून पाहिलेले चित्रपट

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प. दर शुक्रवारी असा एक चित्रपट थिएटरात जाऊन पाहायचा, जो कुणीच पाहत नाही. मग मी आणि प्रतिभाने मोबाइलसमोर बसून प्रामाणिक मत सांगायचं. चॅनेलचं नाव 'दोन तिकिटं'. लेक दिशा पुण्याहून अपलोड करणार. चित्रपटाची जाण माझी. बायकोने शेवटी मान डोलवली तरी पुरे.
खरं कारण इथेच लिहितो. दिशा नोकरीला गेल्यापासून घरात बोलणं उरलंय ते दूध, सिलेंडर आणि पाण्याची टाकी एवढंच. थिएटरमधून येताना रिक्षात मात्र प्रतिभा घर येईपर्यंत बोलते. मला ते हवंय.

२ जानेवारी, शुक्रवार
मेंढपाळावरचा चित्रपट. दुपारी साडेचारचा शो. छोट्या चित्रपटांना हीच वेळ देतात. मोजकी डोकी. पूर्वार्ध मी डोळे मिटून पाहिला. जाणकार तसंच पाहतात, त्याशिवाय आवाजाची बाजू कळत नाही. प्रतिभा म्हणते, घोरत होतात. मी म्हटलं, तो खोल श्वास.
रेकॉर्डिंगमध्ये अर्धा तास बोललो. प्रतिभा शेवटी एवढंच म्हणाली, "मेंढ्यांनी कामं चांगली केलीत."

५ जानेवारी
माझं भाषण दिशाने बरंच कापलं. मेंढ्या ठेवल्या. कमेंट्स सगळ्या मॅडमबद्दल. एकाने विचारलंय, सर दर वेळी असणार का? प्रश्न आदरानेच विचारलेला दिसतो.

९ जानेवारी, शुक्रवार
येवल्यात पैठणी विणणाऱ्या बाईची गोष्ट. सकाळपासून दुकानात पाण्याच्या मोटारी उचलून पाठ गेलेली, तरी जागा होतो. बहुतेक. रेकॉर्डिंगमध्ये मनमाड स्टेशनवरच्या निरोपाच्या सीनचं तोंडभरून कौतुक केलं. प्रतिभा माझ्याकडे बघतच राहिली. तिला तो सीन आठवेना. लक्ष सगळं साड्यांकडे असणार.

१२ जानेवारी
त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचा फोन. हर्षल नावाचा कोवळा पोरगा. अदबीने म्हणाला, सर, आपल्या चित्रपटात रेल्वेच नाहीये. पण सीन भारी आहे, पुढच्या वेळी घेऊ का?
म्हणजे मी नुसता समीक्षक राहिलो नाही. प्रतिभाला सांगितलं. ती हसली नाही.
"त्या पोराने जीव ओतला आणि तुम्ही झोपलात. वर त्याला प्रामाणिक मत म्हणता. पुन्हा झोपलात तर मी एकटी जाईन."
ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ जानेवारी
उपाय शोधतोय. कोंडाजीकाका मखमलाबादला मळ्यावर राहतात, रात्री पिकाला पाणी भरायला जागतात. ते म्हणाले, तोंडात हिरवी मिरची धरून ठेव, झोपेचा बाप येणार नाय. उद्या दुपारचं जेवण बंद. मिरच्या घेतल्या. आता काही चुकणं शक्य नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
विनोदी चित्रपट. मी पहिल्यापासून रडत होतो. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला आणि पाठीवर हात फिरवला. इंटरव्हलपर्यंत टक्क जागा. मग मिरच्या संपल्या. हा नियोजनातला दोष, माझा नव्हे.
रिक्षात प्रतिभा बाहेर बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, दूध नासलंय.

२२ जानेवारी, दुपार
तिकिटांचं अ‍ॅप आमचं एकच. उघडलं तर उद्यासाठी प्रतिभाने तिकीट काढलेलं. एकच. दुकानात गिऱ्हाईक मोटारीचा भाव विचारत होतं, मी तिकिटाचा सांगितला. खूप भीती वाटली.
शेजारची खुर्ची रिकामी होती. घेतली. उद्या झोपलो तर नाव बदलेन.

२३ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात
रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा चित्रपट. मी शेजारी जाऊन बसलो. प्रतिभाने पर्स मांडीवर घेऊन मला हात ठेवायला जागा दिली. दोन कॉफ्या, खिसाभर मिरच्या. इंटरव्हलपर्यंत एक डुलकी नाही. नंतर एकदम छान शांत वाटलं, म्हणून क्षणभर डोळे मिटले.
उघडले तेव्हा दिवे लागले होते. दाराशी थिएटरचा माणूस प्रत्येकाला फुकट पास देत होता. मी हात आडवा केला. म्हटलं, आम्ही समीक्षक आहोत, असल्या भेटी घेत नाही. प्रतिभाने तिचा घेतला.
रिक्षात तिने आपण होऊन विचारलं, "कसा वाटला?"
झोप लागली गं, असं ओठांवर आलं होतं. पण आठवडाभराने ती माझ्याशी दुधापलीकडचं काही बोलत होती. ते मोडायचं धाडस होईना. म्हणालो, "उत्तरार्धात आवाजाची बाजू फार भक्कम होती."
तिने पर्समधून तो पास काढून हातात धरला.
"इंटरव्हलनंतर आवाज बंद पडला होता," ती म्हणाली. "लोकांनी आरडाओरडा केला, तरी शेवटपर्यंत मुकाच चालवला. म्हणून पास देत होते."
त्यानंतर ती फक्त रिक्षावाल्याशी बोलली, पुढून डावीकडे घ्या म्हणून.
पास फ्रिजवर लावलाय. पुढच्या शुक्रवारचा आहे. एका माणसाचा.