उठू नका, दादा

नावुनिवाई, कंदावू बेट
सोमवार, १८ ऑगस्ट

प्रिय दादा,

देवाच्या कृपेने आमच्याकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा आता बरा असेल. चार घरं पलीकडे राहणाऱ्या भावाला बहीण पत्र लिहिते, याचं हसू येईल तुम्हाला. पण आपण मोठे झालो आणि रीतीप्रमाणे भावाबहिणीचं समोरासमोर बोलणं बंद झालं, तेव्हापासून माझा प्रत्येक निरोप वहिनींच्या तोंडून तुमच्याकडे येतो. वहिनी फार गुणाच्या, पण निरोप पोचवताना त्यात साखर घालतात. या वेळी साखर नको आहे, म्हणून हा कागद.

चटईसाठी केवड्याची पानं वाळत घातली होती, ती शनिवारच्या पावसात भिजली. डुकरीण व्याली. थोरलीचा राजधानीतून, सुवाहून फोन होता, मामांची चौकशी करत होती. रविवारी चर्चमध्ये तुम्ही सारखे खोकत होतात. लिंबाची पानं सोबत पाठवते आहे, उकळून प्या.

एवढं लिहून झालं आणि मी उठून चूल सारवल्यासारखी उगाच पुसून आले.

दादा, गुरुवारी आयोगाची माणसं सभागृहात येणार. मतदानाची पद्धत बदलायची का, हे गावोगाव विचारत फिरताहेत. भांड्याभोवती यांगोना पीत बसून तुम्ही पुरुषांनी काय ठरवलंत ते मला ठाऊक आहे. सगळा देश मिळून एकच मतदारसंघ आणि मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा, हे बंद करा. आमच्या बेटाला आमची स्वतःची एक जागा द्या. गावचे कारभारी म्हणून तुम्ही हे बोलणार. आणि जागा मिळाली तर तिथे कोणाला पाठवायचं, हेही आपल्या सरदारांनी, रातूंनी ठरवलं आहे. तुम्हाला. वहिनी सांगताना नुसत्या फुलून आल्या होत्या. मलाही आनंद झाला, खोटं नाही सांगत. तुमच्याइतका सरळ माणूस या बेटावर दुसरा नाही.

पण बायकांच्या मंडळाचीही बैठक झाली. आयोगाने रेडिओवर सांगितलं ना, की बायकांनीसुद्धा बोलावं. वानी आत्या सगळ्यांत आधी तावातावाने उठली. तिची गंमत तुम्हाला माहीत नसेल. मागच्या खेपेला तिने त्याच्या आधीच्या निवडणुकीतला उमेदवाराचा नंबर पाठ ठेवला होता! मतपत्रिकेवर नुसते आकडे, त्यावर तिने ठसठशीत गोल केला, आणि मत गेलं नांदी शहरातल्या कुणा टॅक्सीवाल्याला. "मेलं, नावं नाहीत, फोटो नाहीत! माणूस निवडायचा की बिंगो खेळायचा?" म्हणाली. आम्ही हसून हसून लोळलो.

मग मात्र बोलणं नर्स उनाईसीवर आलं. ती लाऊची, आपल्या बेटाची नव्हे. पण निम्म्या बेटांवर तिने बाळंतपणं केली, माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची. ती उभी राहिली तेव्हा एकाही बेटावर ती पहिली आली नसती. या बेटावरच्या थोड्या बायका, त्या बेटावरच्या थोड्या, अशी मतं साठत गेली आणि ती निवडून आली. आजारी माणसांना न्यायची होडी तिच्यामुळे मिळाली. बेटाबेटाची एकेक जागा झाली, की रातू म्हणतील त्यालाच आम्ही मत देणार. देणार म्हणजे काय, द्यावंच लागणार. तेव्हा मंडळाचं म्हणणं असं ठरलं: पद्धत ठेवा, पण आकड्यांशेजारी नावं आणि फोटो घाला.

आता हे बोलणार कोण? पाळकबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका गं. नवरा पाळक, माझ्या तोंडाला कुलूप." वानी आत्याला सुरू केलं तर थांबवायचं कसं, हा प्रश्न. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "अगं, माझा भाऊ कारभारी आहे!" तर पाळकबाई म्हणतात कशा, "म्हणूनच तू. तू बोललीस तर ते खरं वाटेल."

दादा, मी हो म्हटलं आहे. तुमच्या विरोधात, तुमच्या जागेच्या विरोधात, सगळ्या गावासमोर.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. तुम्ही रागावाल, ही भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. बहीण सभेत बोलायला उभी राहिली की भावाने उठून जायचं, ही आपली रीत. शाळेच्या छपराचं विचारायला मी उभी राहिले होते, आठवतं? तुम्ही उठलात. कारभारी उठले म्हणून सगळे पुरुष उठले. मी रिकाम्या चटयांना छपराचं सांगत बसले, आणि छप्पर अजून गळतंच आहे. गुरुवारी तसंच झालं, तर आयोगाच्या वहीत एवढंच जाईल की बायका बोलू लागल्या आणि गाव निघून गेलं.

मला तुमचं मत बदलायचं नाही. तुमचं तुम्ही जोरात सांगा. माझ्याकडे पाठ करून बसा, मान खाली घाला, हवं तर डोळे मिटा. फक्त उठू नका, दादा.

तुमची धाकटी,
अकानिसी


शनिवार, २३ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुम्ही बाहेर होतात, म्हणून आतलं सांगते.

मी उभी राहिले आणि तुम्ही उठलात. वाटलं, पत्र मिळालंच नाही, किंवा मिळूनही काही उपयोग झाला नाही. तुमच्या मागे सगळे पुरुष गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. तेवढ्यात दारातून तुम्ही वळलात आणि म्हणालात, "बसा. जायचं आहे ते मला एकट्याला. बाकीच्यांनी ऐकून घ्या."

रातू समोर बसलेले असताना, त्यांना न विचारता हे तुम्ही म्हणालात.

मग कोणी हललं नाही. आयोगातल्या बाई म्हणाल्या, "सावकाश बोला, रेकॉर्ड होतंय." सुरुवातीला माझा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा निघाला. मग खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून मला तुमचं टक्कल दिसलं. बाहेर पाऊस होता आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून तिथेच उभे होतात, एवढ्या खोकल्यात! त्यानंतर मी सगळं बोलले. उनाईसीचं, होडीचं, फोटोंचं. वानी आत्याने टॅक्सीवाल्याचं स्वतःहून सांगितलं, तेव्हा आयोगाचे साहेबसुद्धा हसले. तुमचं आणि आमचं, दोन्ही म्हणणी त्यांनी नोंदवून घेतली. पुढे काय होईल ते सुवालाच ठाऊक.

काल वहिनी आल्या. या वेळी साखर नव्हती. बेटाला जागा मिळाली तर आता दुसऱ्या कोणाला पाठवायचं, असं रातू म्हणाले म्हणे. त्या रडल्या नाहीत, कसावाचे कंद सोलत राहिल्या. मीही त्यांच्यासमोर रडले नाही. त्या गेल्यावर मात्र खूप रडले. माझ्या तोंडापायी तुमचं गेलं, हे मला रोज बोचणार आहे, आणि तरी मी बोलले याचं मला वाईट वाटत नाही. दोन्ही खरं आहे, काय करू?

एक मात्र लक्षात घ्या. पद्धत आहे तशी राहिली, तर उभं राहायला रातूंनी पाठवावं लागत नाही. तुम्ही उभे राहा. तुमचा नंबर कितीही अवघड असो, मंडळातल्या बायका तो पाठ करतील. वानी आत्याच्या तळहातावर मी स्वतः लिहीन. आणि पडद्याआड, जिथे कोणी मला सांगायला नसेल, तिथे मी त्याच आकड्यावर गोल करीन.

काढा घ्या. पावसात उभे राहू नका.

तुम्ही जिचं उभ्याने ऐकलंत ती,
अकानिसी