चारच्या पाढ्यात नसलेलं घर

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला तुमचा खरा राग आला तो मागच्या मंगळवारी. आपल्या जुन्या कंपनीच्या मालकांनी एक बंद पडलेलं यंत्र पुन्हा चालू करून द्या म्हणून त्याचा मूळ प्रोग्राम मला पाठवला. मी तिथे लागायच्या आधीची, तुमच्या हातची फाइल. जेवता जेवता ती उघडली आणि डबा तसाच राहिला.

महाल भागातली, बांगड्यांच्या दुकानावरची तुमची क्लासची खोली. तुम्ही फरशीवर खडूनं घरं आखता, शून्यापासून आकडे घालता. ही कॉम्प्युटरची मेमरी. एका संख्येला चार घरं लागतात, म्हणून ती शून्य, चार, आठ अशा घरापासूनच सुरू व्हायला हवी. मला शून्यावर उभं करून म्हणता, तू संख्येचा पॉइंटर, म्हणजे ती कुठल्या घरापासून सुरू होते ते दाखवणारं बोट, आता एक मिळव. मी एक घर सरकते. "काहून वं, एक मिळवला म्हणजे एकच घर? आख्खी संख्या ओलांड न!" मी चारवर उडी मारते, सगळे हसतात. पुढे एकदा मी एक नंबरच्या घरापासून संख्या उचलणारा प्रोग्राम लिहिला. तो चाललाही. तरी तुम्ही सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढलीत. "आज चालून राहिलं म्हणून उद्या चालन का? दुसऱ्या चिपवर गेली की तोंडावर पडशीन!" मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरं आखायला चौकटीची वही आणून दिलीत. ती अजून माझ्याकडे आहे.

नंतर तुम्हीच मला त्या कंपनीत नेलंत. मातीतला ओलावा मोजून पंप आपोआप सुरू करणारं यंत्र होतं आपलं, आणि तुमचा प्रोग्राम नव्या चिपवर न्यायचं काम माझं. भर मे महिन्यात नवी यंत्रं एकामागून एक बंद पडली. पारशिवनीहून एक नर्सरीवाली बाई वाळलेल्या रोपांचा ट्रे घेऊन ऑफिसात आली. "तुमच्या मशीनच्या भरोशावर ठेवली होती न बाप्पा!" एवढंच बोलली. मालकांनी तुमच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "पोरगी नवीन आहे. पॉइंटर चुकवला असन तिनं." त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. चूक नेमकी कुठे, हे मी विचारलंसुद्धा नाही. सर म्हणतात म्हणजे माझीच, अशी स्वतःची समजूत घातली. पुढची आठ वर्षं असल्या कामाच्या वाटेला गेले नाही, शाळांच्या वेबसाइट करत बसले, मग कुठे पुन्हा याकडे वळले. तुमच्या अंत्ययात्रेला आले तेव्हा मनातल्या मनात तुमची माफी मागितली. मी, सर! मी मागितली!

मंगळवारी ती ओळ सापडली. सेन्सरकडून येणाऱ्या निरोपात पहिल्या, म्हणजे शून्य नंबरच्या घरात सेन्सरचा क्रमांक, पुढच्या चार घरांत ओलावा. म्हणजे ओलाव्याची संख्या सुरू होते एक नंबरच्या घरापासून. ती एकेक घर करून उचलायला हवी होती, तुम्ही सरळ आख्खी उचललीत. जुनी चिप ते चालवून घ्यायची, नवी जागच्या जागी थांबली. चूक कुणाकडूनही होते, राग त्याचा नाही. त्या ओळीच्या वर तुमची टीप आहे: 'चुकीचं घर. या चिपवर चालतं. नवी घेताना बदलणे.' ओळीखाली तुमची आद्याक्षरं. मला दिलेल्या प्रतीत आद्याक्षरं होती, टीप नव्हती. ती काढून मग तुम्ही फाइल माझ्या हाती दिलीत. म्हणजे चष्मा पुसताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं. विश्वासघात हा शब्द तुमच्यासाठी वापरायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. आज वापरते.

हे त्या चौकटीच्या वहीतच लिहिलंय आणि वहीतच राहील. पण एक कबूल करते. खाली तुमची आद्याक्षरं असली की ती ओळ तपासायची नाही, हा आपल्या ऑफिसचा रिवाजच होता. नवी चिप बसवली तेव्हा ती ओळ मी वाचली होती. बोटांवर घरं मोजली होती, एक नंबरचं घर आलं होतं. मग तुमची अक्षरं दिसली, आणि मी पुढच्या ओळीवर गेले.