सहाव्या दिवसाचे पान

बाबा,

वडिलांना लिहिताना पत्राच्या माथ्यावर जे शब्द घालायचे ते तुम्हीच मला शिकवले होते. ते लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही, म्हणून नुसतेच बाबा. अक्षर वेडेवाकडे असेल, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग विझला आहे. कडेचे दिसते, ज्याकडे पाहावे ते मात्र दिसत नाही. दिवाळीत डॉक्टर म्हणाले, वाचन फार तर होळीपर्यंत. ते ऐकताक्षणी मला तुमची पोथी आठवली. अठ्ठेचाळीस वर्षे ती लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली, रोज तिच्यावर फूल वाहिले, आणि एकदाही तिची गाठ सोडली नाही.

फाल्गुनाच्या अखेरीस मी अकोल्याहून एकटाच निघालो. कौंडण्यपूरच्या अलीकडे, ज्या गावी पाचव्या दिवशी पोथीवाचनाचा सप्ताह अर्ध्यावर टाकून तुम्हाला उठावे लागले, तिथे जाऊन निदान सहाव्या दिवसाचे पान वाचावे, त्या कथेतल्या देवीचे राहिलेले लग्न लावावे, एवढाच संकल्प होता. खिशात भिंग होते. वऱ्हाडच्या उन्हात जे अक्षर दिसणार नाही ते मग कुठेच दिसणार नाही, असा माझा हिशेब. मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा तुमच्या छोट्या आगगाडीची आठवण झाली. तिच्या बाकावर मी तुमच्याशेजारी बसलेलो असे, आणि पोथी तुमच्या मांडीवर, तान्हे मूल असावे तशी. कुठल्या गावचे श्रोते कथेत हसतात, कुठले पेंगतात, हे तुम्ही मला सांगत होता. वर्धेकाठचे लोक लग्नाच्या कथेला रडतात कशाला, असे मी विचारले, तर म्हणालात, "अरे, ते देवीचे माहेर. तिथले सगळे नवरीकडचे."

अमरावती मागे पडली. तिवशाच्या वाटेवर संत्र्याच्या बागांचा वास येत होता, काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, आणि दृष्टीच्या कोपऱ्यात कुठेतरी पळस पेटलेला होता. त्याच्याकडे वळून पाहिले की तो विझे. सारा प्रवास असा झाला: उजेड अपार, आणि पाहावे तिथे राखेचा डाग. तिवशाहून पुढे नेणारा ऑटोवाला म्हणाला, "बुढेबाबा, इतक्या उन्हात गाठोडं घेऊन कुठी निघाले? कावयेबी चोच वासून बसले हायेत." मी म्हटले, लग्नाला. तो हसला. "मंग जेवण कराले उशीर झाला तुमाले."

उशीर किती झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला पाहायला मुलीचे वडील, नागपूरचे वकील, येणार होते, आणि त्यांना तेवढाच एक दिवस सवड होती. वाचन सोडून येता येणार नाही, असे तुमचे कार्ड आले. मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवत होतो. सत्याची महती सांगणारी सुभाषिते मुलांकडून घोकून घेत होतो. तशात मी तार केली: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. तुम्ही व्यासपीठावरून उठलात, भर दुपारी तिवशापर्यंत चालत आलात, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. आई पुरण वाटत होती. "अगबाई, आलात! मला वाटलेच होते, याच्यासाठी याल," म्हणाली. तिचा तो आनंद तुम्ही किती वेळ पाहत होता. पाहुणे गेल्यावर मला एवढेच म्हणालात, "देवीचे मोडून तू आपले जुळवलेस." मग पोथी बांधलीत. एक अपुरे असताना दुसरे मांडायचे नाही, या नेमाने पुन्हा कुठेही वाचायला बसला नाहीत. येत्या चैत्रात जाईन म्हणत होता, पौषातच गेलात.

त्या लग्नातून मला जी बायको मिळाली, ती चांगली होती. तीन वर्षांपूर्वी गेली. तिलाही मी हे सांगितले नाही. पापाचे फळ गोड निघाले की पश्चात्तापसुद्धा धड करता येत नाही, बाबा.

गावात मारुतीच्या पारावर एक म्हातारी बसली आहे. सत्तरीची असेल. माझ्या हातातले लाल फडके पाहून ती सरसावून बसते. "तुमी त्या महाराजाचे पोरगे काय जी?" मी होय म्हणतो. "लय दिवस लावले वो बाप्पा! मी नवी सून होती तवा. देवीले हयद लावली, आमी अक्षता घेऊन बसलो, अन् ते गेले उठून. मंग गावात सप्ता झालाच नाही. म्हातारे म्हनत, आंधीचं लगन लागू द्या." मग ती विचारते, "कावून गेले होते ते? घरी कोनी मेलं होतं काय?"

या एका प्रश्नासाठीच मी इथवर आलो होतो, असे त्या क्षणी मला वाटले. आणि मी म्हणालो, "आई आजारी होती."

"वाचली ना?"

"वाचली."

"मंग बरं केलं त्याइनं. जीव मोठा."

ती घरात जाऊन मूठभर तांदूळ हळदीत भिजवून आणते. मी गाठ सोडतो. पाने दुभंगतात तिथे बोटांना पातळ, वेगळाच कागद लागतो. घडी तशीच होती. माझीच तार. तुम्ही ती खूण म्हणून ठेवली होती. "काय निघालं जी?" म्हातारी विचारते. मी म्हणतो, "खूण आहे."

भिंग धरले. उन्हाने पान पेटल्यासारखे पांढरे झाले आणि मला फक्त समास दिसला. पाठ कर, डोळे उसने असतात, असे तुम्ही म्हणायचात. पोथ्या आता छापील मिळतात, असे मी हसून म्हणायचो. पाठ होत्या त्या माझ्याच लग्नात ऐकलेल्या मंगलाष्टका. त्याच म्हटल्या, आणि अंदाजाने पाने उलटत राहिलो. म्हातारीने अक्षता टाकल्या, डोळ्याला पदर लावला. "लागलं एकदाचं," म्हणाली.

मी तिला काही सांगितले नाही. हे पत्र पोथीच्याच फडक्यात बांधणार आहे. आणखी कुठे धाडणार? एक मात्र कबूल करायचे राहिले. उठताना ती तार पुन्हा पानांत सरकवली. कोणत्या पानात, ते मला दिसले नाही. तुम्ही कुठे थांबला होता, हे आता कुणालाच कळणार नाही.