दरवाढ शुक्रवारी नको

बाई, आज दुपारी वीजदराचा आदेश आला. मी वर्गात होते, फळ्यावर मागणी-पुरवठ्याची रेघ अर्धी काढून झालेली, आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना. बदलापूरच्या कॉलेजात मी आता अर्थशास्त्र शिकवते. वर्गात फोन घ्यायचा नाही, हे मुलांना मीच रोज बजावत असते. तरी घेतला. पलीकडे उल्हासनगरची एक सिंधी बाई, घरी बसून जीन्स शिवणारी, नुसती ओरडत होती, "मॅडम, हो गया! घर का रेट ही रहेगा!" मी खडूसकट वर्गासमोर उडी मारली. माझं वय बघता ते काही बरं दिसलं नसणार. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते नंतर विचारलं.

तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, म्हणून नीट सांगते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये घरोघरी बायका शिलाईचं मशीन चालवतात, ते तुम्ही पाहिलेलंच आहे. तेव्हा पायानं चालायचं, आता सगळी विजेवर. यंदा वीज कंपनीनं प्रस्ताव आणला की घरात मशीन असेल तर ते दुकान समजायचं आणि दुकानाचा दर लावायचा. नगावर मजुरी मिळवणाऱ्या बाईला तो दर झेपलाच नसता. मशीन विकून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आणि मला, का कोण जाणे, तुमचा तो तास आठवला.

अंबरनाथचं आपलं कॉलेज, खिडकीतून शिवमंदिराकडे जाणारी माणसं दिसतायत, आणि तुम्ही पुस्तक मिटून परदेशातल्या दिवसांबद्दल बोलताय. तुमचे मिस्टर तिकडे तेलाच्या कारखान्यात होते. "त्या देशात पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त," तुम्ही सांगताय, "आणि तरी पंपावर रांग. कारण स्वस्त तेल सीमेपलीकडे नेऊन विकायचं आणि पैसे करायचे. सरकारची तिजोरी रिकामी. मग एका सकाळी उठून बघतो तर भाव दुप्पट. कुणाला सांगणं नाही, सवरणं नाही. आमच्या गल्लीतल्या पाववाल्यानं भट्टीच पेटवली नाही. बस बंद, रस्त्यावर टायर जळतायत. आठवड्यात सरकारनं भाव परत खाली आणला." आम्ही विचारलं, मग सरकार चुकलं का? तुम्ही म्हणालात, "गणित चुकलं नव्हतं. माणसांना विसरले होते." आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. कळलं कुणालाच नव्हतं.

कारण पुढच्याच चाचणीत मी झोकात लिहिलं, की रॉकेल आणि गॅसवरचं अनुदान ताबडतोब बंद करावं. मुद्देसूद, अधोरेखित वगैरे. तुम्ही पेपर परत देताना मार्क दिलेच नाहीत. "हे रॉकेलवर स्वयंपाक करणाऱ्या कुणाला वाचून दाखवलंस?" मी म्हटलं, माझी काकू आहे, उल्हासनगरला. "चल मग," म्हणालात आणि खरंच निघालात. एवढी मोठी बाई माझ्याबरोबर रिक्षात बसली, मला कुठं तोंड लपवावं कळेना. काकूचं स्वयंपाकघर म्हणजे एका बाजूला स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला जीन्सचा ढीग. रॉकेलच्या वासात भाजीचा वास. तुम्ही पाटावर बसलात, चहाचा कप घेतलात आणि मला म्हणालात, वाच. मी उभी राहून वाचलं. काकू हातातले धागे कापत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"चांगलं लिवलंस गो," ती म्हणाली. "पण बंद कधी करनार? शुक्रवारी नको. शुक्रवारी माल द्यायचा असतो, मला स्टोव्ह लागतो सकाळपासून."

तुम्ही इतक्या हसलात की चहा पदरावर सांडला. काकूही हसली, तिला वाटलं आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, की अनुदान काढायचं की नाही हा अर्धा प्रश्न. कधी, किती किती करून आणि कुणाला सांगून, हा उरलेला अर्धा. मार्क नंतर दिलेत. कमीच दिलेत.

तर वीज आयोगापुढची सुनावणी. बायकांच्या वतीनं बोलायचं मी कबूल केलं होतं. एवढा मोठा हॉल, पुढे तीन अधिकारी, आणि आमच्या आधी जो उठेल तो "दरवाढ रद्द करा" म्हणून बसतोय. आम्ही कॅम्प पाचहून एक टेम्पो करून आलेलो. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "साहेब, कंपनीचा तोटा खरा आहे. दर वाढणार, ते मला मान्य आहे." मागून आमच्याच एका बाईचा आवाज आला, "अरे, ये किसकी तरफ से बोल रही है?" हॉल हसला. मधले अधिकारी मात्र चष्मा काढून पुढे झुकले. "मग तुमचं म्हणणं काय?" मी म्हटलं, "एका मशीनवर घर चालवणारी बाई दुकानदार नाही. तिला घरगुती दरातच ठेवा. बाकीच्यांची वाढ एकदम नको, टप्प्यानं करा, आणि सणाच्या ऑर्डरी संपल्यावर सुरू करा." त्यांनी विचारलं, सणाचा काय संबंध? तेव्हा मी मागे वळून त्या ओरडणाऱ्या बाईलाच म्हटलं, तुम्ही सांगा. ती उठली आणि हिंदीत, सिंधीत, मधूनच मराठीत असं काही बोलली की कंपनीचा वकीलसुद्धा मान डोलवायला लागला. दिवाळीच्या आधी तिचं मशीन बंद पडलं तर घरात काय काय अडतं, ते तिनं एका दमात सांगितलं.

आणि आज आदेशात ते आलंय, बाई! एका मशीनचं घर घरगुती दरात. बाकी वाढ टप्प्याटप्प्यानं, दिवाळीनंतर. वाढ झालीच नाही असं नाही. पण काल विकायला काढलेली मशीनं आज परत घरात गेली. संध्याकाळी कॅम्प पाचात पेढे वाटले, मला कुणी बोलूच देईना.

आता बदलापूरला, मांजर्लीत घरी आलेय. हे घरच्यांना सांगून झालं, शेजारी सांगून झालं, तरी पोट भरेना, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं काही नाही. कपाटात साड्यांखाली ठेवीन. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. सगळे म्हणतायत, मॅडमनी बायकांसाठी केवढी धावपळ केली, आणि मी मान खाली घालून ऐकून घेते. पण त्या हॉलमध्ये माइक हातात आला, सगळे गप्प झाले, आणि मला मजा आली, बाई. भयंकर मजा आली.