बंपरवरचं हळदीकुंकू

शुक्रवार, हावडा

सुटलो एकदाचे! आमचे ड्रायव्हर हारानदा यांच्यावरची केस आज कोर्टाने फेटाळली. केस करणारा तो माणूस पडला होता स्वतःच्या स्कूटरवरून, आणि म्हणे तिकडे बजबज गावात आमच्या ट्रकने पाय मोडला! पण हॉस्पिटलच्या कागदावर वेळ निघाली विश्वकर्मापूजेच्या संध्याकाळची. त्या दिवशी इथे कोणी ट्रक काढतं का?

ह्यांनी मात्र तेव्हा केवढा त्रागा केला होता. बजबजचा माल अडला होता ना. हारानदा शांतपणे म्हणाले, "आज गाड़ी नहीं हिलेगी, दादा. आज उसकी पूजा है." मी आपलं दसऱ्यासारखं बंपरला हळदीकुंकू लावलं आणि संध्याकाळच्या आरतीचा फोटो सासूबाईंना साताऱ्याला पाठवला. नंबरप्लेटवरसुद्धा माझी कुंकवाची बोटं! वकिलांनी आज तोच फोटो दाखवला.

हारानदांनी ह्यांचं ऐकलं असतं तर? नकोच तो विचार.

घरी आल्यावर हे देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन खाली ट्रकपाशी गेले. मला वाटलं, बंपरला लावतील.

लावलं हारानदांच्या कपाळाला.